खाऊ देऊन शेळी शिकवताना छातीचे ठोके कसे मोजायचे आणि त्यांचं काय करायचं

वजनाच्या दिवशी शेळी ओढून काट्यावर चढवली की वजन धड मिळत नाही. वर पुढच्या महिन्यात काट्याचा लोखंडी खणखणाट कानावर आला, की ती दाव्याला हिसके द्यायला लागते. तीच शेळी चिमूटभर मक्याच्या बदल्यात आठ-दहा दिवसांत आपणहून काट्यावर येऊन उभी राहू शकते. खाऊने जनावर शिकतं हे सगळ्यांना माहीत आहे. गाडी अडते ती वेगावर. पुढची पायरी आज घ्यायची की उद्या, हे वागण्यावरून ठरवायला गेलं तर बऱ्याचदा उशीर होतो, कारण शेळी मका खात असते आणि आतून घाबरलेलीही असते. ठोके ऐकले तर हे एक-दोन दिवस आधी कळतं.

हा लेख नाशिक परिसरातल्या संगमनेरी, उस्मानाबादी किंवा गावठी शेळ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मोजण्याची रीत गाय, बैल, कुत्रा कुणालाही लागू पडते. आकडे मात्र बदलतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू

ठोके वाढले म्हणजे जनावर घाबरलं, असं नसतं. 2004 साली केंब्रिजमध्ये हेगन आणि ब्रूम या संशोधकांनी कालवडींना एक फळी दाबून फाटक उघडायला आणि पलीकडच्या खाद्यापर्यंत जायला शिकवलं. ज्या वेळी कालवडीला युक्ती उमगत होती, त्या वेळी तिचे ठोके वाढण्याकडे आणि तिची चाल जोरकस होण्याकडे कल दिसला. म्हणजे समजल्याच्या आनंदातही काळीज धडधडतं. त्याच वर्षी जर्मनीतल्या डुमरस्टॉर्फच्या संशोधकांनी बुटक्या शेळ्यांना पडद्यावरच्या आकृत्या ओळखायला लावलं. बक्षीस होतं पिण्याचं पाणी. तिथे शिकण्याच्या टप्प्यानुसार ठोक्यांचा वेगही बदलत गेला आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराची चढउतारही. (पाण्याचं बक्षीस आपल्याकडे नको. मालेगाव-नांदगावच्या उन्हाळ्यात पाणी अडवून शिकवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.)

तेव्हा नुसता आकडा मुका असतो. तो कान, शेपूट, पाय आणि खाण्याच्या जोडीनेच वाचायचा. शिवाय चालणं, चढणं, खाणं, ऊन, गाभणपण या प्रत्येकाने ठोके वाढतात. ही कारणं बाजूला काढल्याशिवाय मनाचं काही कळत नाही, आणि खालची निम्मी रीत त्यासाठीच आहे.

सामान

दोन कान असलेला साधा स्टेथोस्कोप, सेकंद दाखवणारा मोबाइल, वही आणि 'आता खाऊ येतोय' ही खूण द्यायला टकटक करणारं बॉलपेन किंवा क्लिकर (दाबलं की टक् वाजणारी डबी). जिभेने टक् करू नये. जनावर हाकताना लोक तोच आवाज काढतात आणि शेळी पुढे चालायला लागते. खाऊसाठी कंबरेला बांधायची, तोंड बंद होणारी पिशवी घ्यावी. उघडं भांडं नको: एकदा ते सांडलं की त्या दिवशीचं शिक्षण संपलं, आणि शेळीने त्यातला मका भरपेट खाल्ला तर पोटात आम्लता होऊन रात्री डॉक्टर बोलवायची वेळ येते.

खाऊ म्हणून मक्याचे दाणे सगळ्यात सोयीचे, कारण मोजता येतात. एक दाणा साधारण 0.3 ग्रॅमचा, म्हणजे 6-7 दाणे मिळून 2 ग्रॅम. एका बैठकीत 12 वेळा खाऊ दिला तर 24 ग्रॅम, दिवसातून दोन बैठका धरल्या तर 50 ग्रॅमच्या आत. तेवढा खुराक रोजच्या भरड्यातून वजा करायचा. जिला दाण्याची सवयच नाही, तिला पहिले चार-पाच दिवस यापेक्षा निम्मा द्यावा, किंवा हरभऱ्याची टरफलं, सुबाभळीच्या शेंगा वापराव्यात. शिळी पोळी, पाव, बिस्किटं नकोत.

निफाड-दिंडोरी-पिंपळगाव भागात घरात बेदाणा असतोच, आणि शेळीला तो भलता आवडतो. अवघड पायरीसाठी दोन-चार दाणे राखून ठेवायला हरकत नाही. पण गोठ्यात कुत्रा असेल तर बेदाणा पिशवीतही ठेवू नये. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. खरड छाटणीनंतरचा द्राक्षाचा पाला शेळ्यांपुढे टाकण्याची पद्धत आहे. त्यावर शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली हे कळल्याशिवाय तो खाऊ म्हणून वापरू नये.

ठोके कुठे आणि कसे ऐकायचे

शेळीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. पुढच्या डाव्या पायाचं कोपर जिथे छातीला टेकतं, तिथेच, कोपराच्या किंचित मागे आणि आत स्टेथोस्कोपची चकती सरकवायची. जागा तिसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या मधली. बहुतेकांचं इथेच चुकतं: चकती चार बोटं मागे जाते आणि पोटाची गुरगुर ऐकू येते. आवाज दूरवर ढग गडगडल्यासारखा, मिनिटाला एक-दोनदा येत असेल तर ते पोट. लब-डब, लब-डब असा जोडीने आला तर ते काळीज. लब आणि डब मिळून एक ठोका. दोन्ही वेगळे मोजले की 80 चे 160 होतात. नवख्याच्या वहीत हा आकडा एकदा तरी सापडतोच.

केस दाट असतील तर पाण्याचा हात फिरवून ते बसवावेत, नाहीतर केसांची खसखस ठोक्यांवर मात करते. स्टेथोस्कोप नसेल तर मागच्या मांडीच्या आत, वरच्या बाजूला बोटांनी नाडी लागते. पण शिकवताना तिथे हात घालणं म्हणजे शेळीला हलवणंच.

मोजायचं 30 सेकंद आणि दुप्पट करायचं. 15 सेकंद मोजून चौपट केलं तर एका ठोक्याची चूक मिनिटाला चारची होते, आणि आपण ज्या फरकाच्या शोधात असतो तो कधी कधी आठ-दहाचाच असतो.

मोठ्या शेळीचे ठोके विसाव्यात साधारण 70 ते 90 च्या घरात असतात. करडांचे बरेच जास्त. गाईचे साधारण 50 ते 80, मोठ्या जातीच्या कुत्र्याचे 60 ते 100. कुत्र्याच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: निवांत असताना त्याचे ठोके श्वासाबरोबर भरभर आणि सावकाश होत राहतात. ते दुखणं नव्हे.

पहिले नऊ-दहा दिवस: काहीही शिकवायचं नाही

हे दिवस लोक गाळतात, आणि पुढे महिनाभर आकड्यांशी झगडत बसतात. शेळीला आधी स्टेथोस्कोपच नवा असतो. पहिल्या दिवशी मोजलेला आकडा शेळीचा नसतो, स्टेथोस्कोपच्या धास्तीचा असतो.

पहिले दोन-तीन दिवस नुसतं शेजारी बसून छातीवर हात ठेवायचा, मग चकती न ऐकता टेकवायची, मग ऐकायचं. गार चकती तळहातात ऊब देऊन लावावी; जानेवारीत निफाडच्या पहाटे तर हे आवर्जून करावं. त्यानंतर सात दिवस, रोज एकाच वेळी, खुराकाआधी, शेळी उभी असताना मोजायचं. बसून रवंथ करताना ठोके सगळ्यात कमी असतात, उभं राहिल्यावर वाढतात. दोन्ही एकाच रकान्यात लिहिले तर तुलना बाद झाली.

समजा सात दिवसांचे आकडे असे आले: 78, 82, 80, 76, 84, 80, 80. बेरीज 560, सरासरी 80. ही त्या शेळीची पायरेषा. दुसऱ्या शेळीची वेगळी काढावी लागते. कळपाची सरासरी इथे कामाची नाही.

पायरेषाच 100 च्या वर जाऊन बसली असेल तर शिकवणं थांबवून डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. आतला भाग गुलाबी-लाल हवा. फिकट, पांढुरका असेल तर जंतांनी रक्त कमी झालं असण्याची शक्यता मोठी. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या पावसाच्या पट्ट्यात श्रावण-भाद्रपदात असं बरंच दिसतं. रक्त कमी म्हणून काळीज जोरात पळतं. त्यावर मका देऊन उपयोग नाही, डॉक्टर बोलवावा. तापातही तसंच. शेळीचं तापमान साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असतं, त्यावर गेलं तर बैठक रद्द.

टक् म्हणजे मका

आता दोन माणसं लागतात. एक डाव्या बाजूला स्टेथोस्कोप लावून, दुसरा समोर पेन घेऊन. टक् वाजवायचं आणि एका सेकंदाच्या आत 6-7 दाणे तोंडापाशी. आधी टक्, मग हात हलला पाहिजे. हात आधी पिशवीकडे गेला तर शेळी हाताकडे बघायला शिकते, आवाज तिच्या लेखी फुकट जातो. असं 15 वेळा, दोन बैठकांत.

तिसऱ्या बैठकीत शेळी दुसरीकडे बघत असताना टक् करा. तिने लगेच मान वळवली तर आवाजाला अर्थ आला.

या क्षणी कान देऊन ऐकलं तर एक फार सुरेख गोष्ट ऐकू येते. टक् होतं, कान पुढे टवकारले जातात, आणि काही ठोके लांबतात: लब-डब… लब-डब…, जणू काळीजच कान देऊन थांबलंय. मग मका तोंडात येतो आणि ठोके पुन्हा भरभर सुरू होतात. लक्ष देताना काळीज क्षणभर मंदावतं आणि खाताना वेगावतं, हे जनावरांत सर्वसाधारण आहे. कारण मेंदूकडून काळजाला येणारे लगाम दोन. वेग कमी करणारा लगाम सेकंदाभरात ओढला जातो आणि तितक्याच पटकन सुटतो. वेग वाढवणारा सावकाश चढतो आणि उतरायलाही वेळ घेतो. म्हणून लक्ष दिल्याची मंदी दोन-चार सेकंदांत विरते, आणि भीती मिनिटं-मिनिटं छातीत राहते. पुढचा सगळा हिशोब या फरकावर उभा आहे.

काट्यावर चढवणं

थेट काटा आणू नये. 18 मिलिमीटर जाडीची, साधारण 90 × 60 सेंटिमीटरची प्लायवूडची फळी घ्या, वर गोणपाट ठोका. गोणपाटाने पाय सरकत नाहीत आणि खुरांचा आवाज होत नाही. जोडीची एक शेळी डोळ्यांसमोर बांधलेली हवी. एकटी पडली की शेळीचे ठोके त्यानेच वाढतात आणि दोष फळीवर जातो.

पायऱ्या अशा: फळीकडे बघणं, फळीपाशी येणं, एक पाय, दोन पाय, चारही पाय, मग चारही पाय 5 सेकंद, 15 सेकंद, 30 सेकंद, मग फळी काट्यावर, मग बाजूच्या जाळ्यांसकट काटा, शेवटी जोडीदारीण नजरेआड. प्रत्येक पायरीला 10 खेपा, एका बैठकीत एकच पायरी, आणि बैठक 8-10 मिनिटांच्या वर नाही.

मोजायचं तीनदा: सुरू करण्याआधी, पाचव्या खेपेनंतर आणि शेवटच्या खेपेनंतर. मधल्या आणि शेवटच्या मोजणीआधी शेळीला जागेवर 60 सेकंद उभी राहू द्यायची, तोंडात दाणा नको. चढण्याच्या श्रमाने वाढलेले ठोके एवढ्या वेळात बरेचसे उतरतात. धास्तीने वाढलेले उतरत नाहीत. आणि बैठक संपल्यावर 3 मिनिटांनी पुन्हा एकदा.

निर्णय असा घ्यायचा. शेवटचा आकडा पायरेषेच्या 10 टक्क्यांच्या आत आणि 10 पैकी 8 खेपा बरोबर: पुढची पायरी. 10 ते 25 टक्के वर: उद्या तीच पायरी. 25 टक्क्यांच्या वर आणि 3 मिनिटांनंतरही खाली नाही: एक पायरी मागे. पायरेषा 80 असेल तर हे उंबरे 88 आणि 100. ही टक्केवारी म्हणजे गोठ्यातली कामचलाऊ मोजपट्टी आहे, प्रयोगशाळेचा नियम नव्हे. स्वभावाने तापट शेळीला थोडी सैल करावी लागते.

वही कशी दिसते ते नमुन्यादाखल:

दिवस 4, सकाळी 7.10. पायरी: दोन पाय. आधी 82, पाचव्या खेपेनंतर 86, शेवटी 86, 3 मिनिटांनी 80. 10 पैकी 9. कान पुढे, शेपूट वर.

दिवस 5, सकाळी 7.05. पायरी: चारही पाय. आधी 84, पाचव्या खेपेनंतर 100, शेवटी 108, 3 मिनिटांनी 102. 10 पैकी 8. मका खाते पण दाणे सांडते. दोनदा लेंड्या टाकल्या.

वागण्याचा गुण बघितला तर पाचवा दिवसही पास: 10 पैकी 8. ठोके म्हणतात नापास. अशा वेळी पुढे रेटलं तर सातव्या-आठव्या दिवशी शेळी फळीपाशी येणंच बंद करते आणि मालक म्हणतो, "कालपर्यंत तर छान येत होती." पाचव्या दिवशी करायचं काम वेगळं आहे: गुडघ्यावर बसून फळी दाबून बघा. चौथा पाय टेकला की एक कोपरा डुगडुगत असेल. खाली चपटा दगड सारून एक बैठक मागच्या पायरीवर घेतली, की सहाव्या दिवशी चारही पायांची पायरी 90 च्या आत येऊ शकते. ठोक्यांनी "काहीतरी" एवढंच सांगितलं. डुगडुगणारा कोपरा शोधायचा आपणच.

कान, शेपूट, लेंड्या

ठोके वर आणि कान पुढे, शेपूट वर, शेळी आपणहून फळीकडे ओढ घेते, दाणा संपला की लगेच पुढच्या खेपेला तयार: हा उत्साह आहे. पिशवी दिसल्याबरोबर 10-15 ठोके वाढणं याच खात्यात जातं. म्हणून "आधी"चा आकडा पिशवी कमरेला बांधण्यापूर्वी घ्यायचा; नाहीतर शेळीच्या आशेचीच पायरेषा होते.

ठोके वर आणि कान मागे, शेपूट खाली चिकटलेलं, पुढचा पाय आपटणं, नाकातून फुसकारा, वारंवार लघवी-लेंड्या, उंच सुरात ओरडणं: ही धास्ती. दाणा तोंडाशी नेऊनही घेत नसेल तर पुढचं काही बघायची गरज नाही, बैठक तिथेच संपवा.

तिसरा प्रकार फसवा. शेळी दगडासारखी स्थिर, हूं की चूं नाही, आणि छातीत 120. लोक म्हणतात, किती शांत आहे. ती गोठलेली आहे. खुरं साळताना आणि इंजेक्शनच्या वेळी हे हमखास दिसतं, आणि कान-शेपटीकडे बघूनही सुटतं. स्टेथोस्कोपचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच.

चौथा म्हणजे वैताग. आधी दर वेळी मिळणारा खाऊ अचानक थांबवला किंवा उशिरा दिला की ठोके वाढतात, शेळी फळीला शिंग मारते, पिशवीवर धडक देते. ही भीती नव्हे. त्यावर पायरी मागे घेऊ नये. टक् आणि दाणा यांच्यातलं अंतर तपासा, ते 3-4 सेकंदांवर गेलेलं असतं.

दोन पाट्यांतली एक निवडणं

काटा जमल्यावर ज्यांना शिकण्याचा आलेखच बघायचा आहे, त्यांच्यासाठी. 20 × 20 सेंटिमीटरच्या दोन पांढऱ्या पाट्या, एकीवर काळं भरीव वर्तुळ, दुसरीवर काळी फुली. लाल-हिरवा जोड वापरू नये. शेळीच्या डोळ्यात रंगाच्या दोनच प्रकारच्या पेशी असतात आणि तो फरक तिला नीट दिसत नाही. रंगच हवे असतील तर निळा-पिवळा. पाट्या एकमेकींपासून 60 सेंटिमीटर, शेळीच्या सुरुवातीच्या रेषेपासून 2 मीटर. वर्तुळाला नाक लावलं की टक् आणि मका.

वर्तुळ कधी डावीकडे, कधी उजवीकडे. हा क्रम मनाने लावू नये, कागदावर आधी लिहून ठेवावा: डा, उ, उ, डा, उ, डा, डा, उ, डा, उ. दोन्ही बाजू पाच-पाच वेळा, एकच बाजू सलग दोनदापेक्षा जास्त नाही. वासाने फसू नये म्हणून दोन्ही पाट्यांमागे जाळीबंद डबीत तेवढाच मका ठेवावा.

10 पैकी 8 आले म्हणून लगेच पेढे वाटू नका. डोळे मिटून निवडलं तरी 10 पैकी 8 किंवा जास्त येण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या थोडी वर असते. सलग दोन बैठकांत तसं येणं मात्र हजारात तीन वेळा. म्हणून कसोटी सलग दोन बैठकांची.

आणि स्वतःवर नजर ठेवा. बर्लिनमध्ये 1900 नंतरच्या काही वर्षांत हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं, की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी हालचाल वाचत होता. शेळीही माणसाच्या तोंडाकडे बघत असते. शेळी सोडणाऱ्याला बरोबर पाटी कुठे आहे हे माहीत नसावं, किंवा त्याने टोपी पुढे ओढून खाली बघावं. टोपी घातल्याबरोबर 9 चे 5 झाले, तर शेळी पाटी नव्हे, मालक वाचत होती.

दर वेळी एकाच बाजूला जाणारी शेळी बहुधा गव्हाणीच्या दिशेला जात असते. पाट्यांची जागा बदला, किंवा चुकल्यावर तीच मांडणी बरोबर येईपर्यंत पुन्हा द्या. या जादा खेपा गुणांत धरू नयेत.

या शिक्षणात ठोक्यांचा आलेख बहुधा असा चालतो: पहिल्या एक-दोन बैठकांत नवेपणाने वर, मग थोडे खाली. ज्या दिवशी गुण 5-6 वरून एकदम वर जातात त्याच्या आसपास पुन्हा चढ दिसू शकतो, कान पुढे ठेवून. तो धोका समजून बैठक मोडू नका.

छातीचा पट्टा वापरायचा असेल तर

स्टेथोस्कोपने थांबलेल्या शेळीचेच ठोके कळतात. चालत्या शेळीसाठी धावपटू वापरतात तसला छातीचा पट्टा लागतो. पोलर एच10 सारखा, जो प्रत्येक दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात मोबाइलला पाठवतो. मनगटी घड्याळ शेळीला बांधून काही मिळत नाही. ते प्रकाशावर चालतं, केसांतून त्याला दिसत नाही.

दोन जागी केस कात्रीने बारीक करावेत, प्रत्येकी साधारण 4 × 8 सेंटिमीटर: एक डाव्या कोपरामागे खाली, दुसरी उजव्या खांद्यामागे वरच्या अंगाला. कातडी ओल्या फडक्याने पुसून सोनोग्राफीचा जेल भरपूर लावावा. सुकलेला जेल हे निम्म्या तक्रारींचं मूळ. दर 30-40 मिनिटांनी पुन्हा लावा. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. वरून 10 सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज गुंडाळावं, नाहीतर शेजारीण पट्टा चघळते. पट्टाही नवीन वस्तूच आहे: तीन-चार दिवस नुसता बांधून खुराक द्यावा. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात पट्टा नको, तिची पायरेषाही तेव्हा वर गेलेली असते.

अंतरांची यादी हाती आली की आधी कचरा काढायचा. मिनिटाला 80 ठोके म्हणजे दोन ठोक्यांत 750 मिलिसेकंद. मध्येच 375 दिसलं तर यंत्राने एक ठोका दोनदा मोजला. 1500 दिसलं तर एक हुकला. असे आकडे वगळा. एका मिनिटात पाच-सातपेक्षा जास्त वगळावे लागले तर ते मिनिटच टाकून द्या.

उरलेल्यांतून चढउतार काढायची. समजा अंतरं 700, 720, 690, 710. लागोपाठचे फरक 20, 30, 20. त्यांचे वर्ग 400, 900, 400. बेरीज 1700, तीनने भागून सुमारे 567, वर्गमूळ सुमारे 24 मिलिसेकंद. वेग कमी करणारा लगाम जागा असेल तर हा आकडा मोठा असतो. ताणात तो बहुधा लहान होतो. तुलना मात्र सारख्या अवस्थेतल्या सारख्या वेळेशीच: उभ्या शेळीचं एक मिनिट उभ्या शेळीच्या एका मिनिटाशी. चालतानाचा आकडा मनाबद्दल काही सांगत नाही.

बिनसतं ते बहुधा यामुळे

ऊन. मार्च ते जूनमध्ये बैठक सकाळी 8 च्या आत उरकावी. धापा टाकणाऱ्या शेळीचे ठोके उन्हाचे असतात. आवाज. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालू असतो तेव्हा शेजारच्या गोठ्यात मोजण्यात अर्थ नाही. दिवाळीचे चार दिवसही सोडून द्या. माणूस. स्टेथोस्कोप धरणारा रोज तोच हवा. नवा माणूस आला की पायरेषा पुन्हा तपासा. बाजार. घोटीच्या बाजारातून आणलेली शेळी पहिले दोन आठवडे घरची नसते, तिला आधी रुळू द्या.

महाविद्यालयाचा प्रकल्प म्हणून हे करायचं असेल तर पट्टा बांधण्याआधीच संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी घ्यावी लागेल का, ते विचारून घ्या. नंतर विचारलं तर सगळी वही वाया जाऊ शकते.

काटा पक्का झाल्यावर खाऊ कमी करता येतो: दर वेळी न देता तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकदा, तोही बेभरवशाचा. महिन्याने वजनाच्या दिवशी काटा दिसल्यावर, चढण्याआधी 30 सेकंद ऐका. पायरेषेच्या 10 टक्क्यांत असेल तर खुशाल चढू द्या. वर असेल तर दोन बैठका फळीवर घेऊन मग वजन. लसीच्या आणि जंताचं औषध पाजण्याच्या दिवशी मात्र काटकसर नको. त्या दिवशी सुईनंतर लगेच मूठभर मका, आणि नळी तोंडातून काढल्यावर ठेवणीतले बेदाणे.